इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे: बजेट पंचवीस हजार, मुक्काम नाशिक

सातपूरकर:

नमस्कार मंडळी.

बरीच वर्षं ॲकूस्टिक वाजवतोय. ओपन कॉर्ड्स, बार कॉर्ड्स, थोडंफार फिंगरस्टाइल जमतं. जुनी हिंदी गाणी आणि भावगीतं यांवर हात बसला आहे. आता ब्लूज आणि लीड शिकायचं मनावर घेतलंय, पण ॲकूस्टिकच्या जाड तारा बेंड करताना, म्हणजे सूर चढवायला ओढताना, बोटं सोलून निघतात. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचं नक्की केलं.

बजेट पंचवीस हजार, सगळं मिळून. म्हणजे गिटार, ॲम्प किंवा जे काही लागेल ते, केबल, बॅग, सगळं यातच. फारच चांगली वस्तू असेल तर हजार-दोन हजार वर सरकेन, त्यापुढे नाही.

नोकरी सातपूरला, शिफ्टची. सेकंड शिफ्ट करून घरी येईपर्यंत बारा वाजतात आणि वाजवायला निवांत वेळ मिळतो तो तेव्हाच. सिडकोत फ्लॅट आहे, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. त्यामुळे रात्री आवाज घराबाहेर जाता कामा नये.

मेनरोड आणि कॉलेज रोडची दुकानं पालथी घातली. ॲकूस्टिक भिंतभर टांगलेल्या, इलेक्ट्रिक मोजक्याच. एका ठिकाणी गिटार, ॲम्प, बॅग, पट्टा, पिक्स असा सगळा संच दहा हजारांच्या आत देतो म्हणाले. दुसरीकडे सांगितलं, स्क्वायरशिवाय कशाला हात लावू नका. नेटवर वाचावं तर यामाहा पॅसिफिका, आयबानेझ जिओ, कॉर्ट, एपिफोन. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.

एवढ्या पैशांत नेमकं काय पाहून घ्यावं? त्यासाठी मुंबई गाठावी का? आणि तो संच घेण्यात अर्थ आहे का?

ओझरवाला:

सातपूरकर, ब्रँडचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत जेवढा फरक निघतो, तेवढा पुष्कळदा दोन ब्रँडमध्येही निघत नाही.

कारण सांगतो. बॉडी आणि नेक आता सगळीकडे सीएनसीवर कापले जातात, त्यामुळे स्वस्त गिटारीचाही आकार नीट असतो. पैसे वाचवले जातात ते हाताच्या कामात. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं घासणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या (खुंट्यांपाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा बरोबर खोलीपर्यंत कापणं ही कामं वेळ खातात. एखाद्या गिटारीवर ती बरी झालेली असतात, तिच्या शेजारी टांगलेल्या गिटारीवर उरकलेली असतात. म्हणून मॉडेल निवडू नका, समोरचा पीस निवडा.

तुम्ही कारखान्यात आहात, तेव्हा फट मोजायचं फीलर गेज आणि सहा इंची स्टीलची पट्टी तुमच्या ओळखीची आहे. दोन्ही खिशात टाकून दुकानात जा. आधी गिटार सुरात लावून घ्या. मग हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, डोळा लावून नेकच्या कडेने बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. नेक पिळलेला दिसला तर ती गिटार परत टांगा, त्यावर उपाय नाही. किंचित पुढे वाकलेला चालतो, किंबहुना हवाच. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. कमीजास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची कांडी) फिरवून बसते, पण रॉड चालतो की अडकलाय हे दुकानदाराला फिरवून दाखवायला सांगा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

मग ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड तारेखाली दोन मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड, इतपत आली की हाताला सुख. तुमच्या ॲकूस्टिकवर हेच अंतर याहून बरंच जास्त असणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. हो, सगळे. दहा मिनिटं लागतात. कुठे खरखर येते, कुठे सूर लगेच मरतो, ते कळतं. बारीक ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एक पूर्ण सूर बेंड करून बघा. वर नेताना आवाज एकदम तुटला तर फ्रेट वरखाली आहेत. तुम्हाला ब्लूज वाजवायचंय, म्हणजे ही परीक्षा सोडू नका.

तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून सावकाश फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर तेवढ्यावरून गिटार टाकून देऊ नका, ते घासून घेता येतं. पण किमतीत तेवढी सूट मागा.

गोदाकाठ:

ओझरवाल्यांशी शंभर टक्के सहमत. एक भर घालते: नट.

नवशिक्यांची गिटार सारखी उतरते तेव्हा बहुतेक जण खुंट्यांना दोष देतात आणि महागड्या खुंट्या बसवायला निघतात. खरा दोष पुष्कळदा नटच्या खाचेत असतो. तार खाचेत अडकून बसते, बेंड केल्यावर पूर्ण परत येत नाही. ओळखायचं कसं? क्लिपचा ट्यूनर लावून तिसरी, म्हणजे ‘जी’ सुराची तार सुरात आणा, जोरात बेंड करा, सोडा आणि ट्यूनर बघा. सूर खाली आला असेल तर नटच्या मागची तार बोटाने हलकेच दाबून सोडा. टक्कन आवाज होऊन सूर परत वर चढला, तर खाच घट्ट आहे. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत भरल्याने बरंचसं काम भागतं, नाहीतर कारागिराकडून खाच नीट करून घ्यायची. नव्या तारा मात्र ताणून बसेपर्यंत उतरणारच, त्याची काळजी नको.

आणि फ्लॉइड रोझ पद्धतीचा, दोन्हीकडून तार जखडणारा ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग) या बजेटमध्ये कितीही मोहात पाडत असला तरी घेऊ नका. स्वस्त ब्रिजचा धातू मऊ असतो, ज्या धारेवर तो तोलला जातो ती झिजते आणि मग सूर कधीच स्थिर राहत नाही. तार बदलणं म्हणजे अर्धा दिवस. स्थिर ब्रिज उत्तम. साधा ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज असेल तर तो बॉडीला टेकवून ठेवता येतो.

तारसप्तक:

ब्रँड बाजूला ठेवा हे पटतं, पण माणसाला यादी तर लागतेच. माझ्या माहितीतलं लिहितो. किमती सारख्या हलतात, त्या दुकानातच विचारा.

स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. त्यांची खालची मालिका आधी बुलेट होती, २०२३ पासून तिच्या जागी सॉनिक आली. पॉप्लरची बॉडी, सिरॅमिक पिकअप. वर ॲफिनिटी आणि त्याच्याही वर क्लासिक व्हाइब. क्लासिक व्हाइब फार देखणी आणि वाजायलाही सुंदर, पण नवी तुमच्या बजेटात बसायची नाही.

यामाहा पॅसिफिका १९९० पासून चालू आहे आणि सुरुवातीची गिटार म्हणून जगभर तिचं नाव निघतं ते उगाच नाही. ०१२ स्वस्त, ११२ जे तिच्या वर, ११२ व्ही आणखी वर. ११२ला आल्डरची बॉडी आहे. मांडणी एचएसएस, म्हणजे ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. भावगीतापासून रॉकपर्यंत सगळं निभावणारी. ११२ व्हीमध्ये टोनची कळ वर ओढली की हंबकरचं एकच कॉइल चालू राहतं.

कॉर्ट मूळची दक्षिण कोरियाची. इंडोनेशियातल्या तिच्या कारखान्यात इतर मोठ्या ब्रँडच्या गिटारीही बनतात. आपल्याकडे कॉर्टचं नाव कमी घेतलं जातं, पण त्याच पैशांत काम पुष्कळदा जास्त सफाईचं मिळतं. माझा कल हिच्याकडे.

आयबानेझ जिओचा नेक पातळ, जलद वाजवणाऱ्यांना आवडतो. ॲकूस्टिकच्या गुबगुबीत नेकची सवय असलेल्याला सुरुवातीला हात रिकामा वाटेल. एपिफोन गिब्सनच्या घरातली. तिच्या लेस पॉल घराण्याच्या गिटारींची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, २४.७५ इंच, फेंडर घराण्यातल्या बहुतेक गिटारींची २५.५. त्याच तारा, तोच सूर, पण स्केल आखूड म्हणजे तार सैल आणि बेंड सोपा.

सातपूरकर:

किती छान समजावलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. फीलर गेजची कल्पना तर डोक्यातच आली नव्हती.

आता हे सिंगल कॉइल आणि हंबकर कोणी सोपं करून सांगेल का? आणि लाकडाबद्दल इतकं बोललं जातं, या किमतीत त्याने खरंच फरक पडतो?

कॉलेजरोडवरची:

पिकअपबद्दल मी लिहिते, हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विजेचा अगदी बारीक संकेत तयार होतो. ॲम्प तोच मोठा करतो. म्हणून इलेक्ट्रिकला स्टील किंवा निकेलच्याच तारा लावायच्या, ॲकूस्टिकच्या ब्राँझच्या नाहीत.

गंमत अशी की ही वेढ्यांची गुंडाळी घरातल्या विजेची गुणगुणही पकडते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे सिंगल कॉइलवर ती कायमची हम्म्म ऐकू येते. जुनी ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त चार्जर जवळ असले की वाढते. गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ साली दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडून यावर तोडगा काढला. गुणगुण दोन्हींत उलटसुलट येते आणि कटते, तारेचा आवाज मात्र दोन्हींतून जुळून मोठा होतो. तोच हंबकर.

आवाजाचं म्हणाल तर सिंगल कॉइल स्वच्छ, टोकदार, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारी. हंबकर भरदार आणि उबदार, डिस्टॉर्शन दिलं तरी गोंधळ कमी. तुम्हाला दोन्ही हवं आहे, तेव्हा एचएसएस मांडणी घ्या. एकदा घेतली की निवडीच्या कटकटीतून मोकळे व्हाल.

लाकडावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. पंचवीस हजारांत पिकअप, स्पीकर आणि तुमची बोटं यांचा फरक आधी ऐकू येतो. लाकडाचा विचार वजनापुरता करा. पट्टा लावून गिटार गळ्यात अडकवून बघा, हेडस्टॉक खाली झुकतोय का तेही बघा.

निफाडची_थंडी:

लाकडाचा विचार वजनापुरताच करू नका, हवेसाठीही करा.

आपल्याकडे पावसाळ्यात सगळं दमट आणि थंडीपासून मे महिन्यापर्यंत कोरडं ठाक. फ्रेटबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या फळीचं, लाकूड कोरड्या हवेत रुंदीत आक्रसतं, फ्रेटची धातूची पट्टी आहे तेवढीच राहते. म्हणून ऑगस्टमध्ये गुळगुळीत वाटलेली गिटार फेब्रुवारीत कडेला बोचायला लागते. गिटार बिघडली असं समजून लोक घाबरतात. कारागिराने टोकं एकदा घासून दिली की पुढे फारसा त्रास होत नाही.

स्वस्त गिटारींवर आता फ्रेटबोर्ड बहुतेक इंडियन लॉरेलचा दिसतो. हा आपल्या जंगलातला ऐन. पूर्वी त्या जागी शिसवी असायचं. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या जातकुळीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ऐन टिकला. लाकूड चांगलं आहे, फक्त कोरडं दिसायला लागलं की तारा बदलताना फ्रेटबोर्डच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा. खोबरेल लावू नका, खवट होतं. फिकट मेपलचा, वर लॅकर असलेला फ्रेटबोर्ड असेल तर तेलाची गरज नाही.

पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत गिटार अर्धा तासही सोडू नका, बंद गाडीतली उष्णता डिंक सैल करते.

पंचवटीचा_क्लास:

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे त्या दहा हजारांच्या संचाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे.

त्यातली गिटार सरसकट वाईट नसते. देशी ब्रँडच्या आठ-दहा हजारांच्या गिटारी माझ्या क्लासात येतात, त्यांवर हजार-दोन हजारांचा सेटअप (नेक, ॲक्शन वगैरे कारागिराकडून नीट लावून घेणं) करून घेतला की मुलं व्यवस्थित शिकतात. फ्रेट बरे असतील तर कुणाला हिणवायचं कारण नाही. ज्याच्याकडे तेवढेच पैसे आहेत त्याने बिनधास्त घ्यावी.

संचातला ॲम्प मात्र खरोखर घात करतो. खेळण्यासारखा स्पीकर, कर्कश आवाज. पोरगं महिनाभर तो आवाज ऐकतं आणि आपल्याला जमत नाही असं समजून गिटार कोपऱ्यात ठेवतं. अशी हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं कळवळून लिहितोय. गिटार साधी आणि ॲम्प बरा हा हिशेब चालतो, उलटा चालत नाही.

सातपूरकर, तुमच्या पैशांतले निदान सात-आठ हजार आवाजासाठी आणि हजारभर सेटअपसाठी बाजूला काढा. उरले त्यात गिटार.

सातपूरकर:

सर, पण मला तर रात्री हेडफोनवरच वाजवायचंय. मग ॲम्प हवाच का? घरातल्या होम थिएटरला जोडली तर?

कॉलेजरोडवरची:

होम थिएटरला थेट जोडू नका, फार निराशा होईल. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापून टाकतो. आपण ज्याला गिटारचा गोड आवाज म्हणतो त्यात या कापण्याचा मोठा वाटा आहे. गाणी ऐकायच्या स्पीकरला ते कापणं माहीत नसतं. तिथे स्वच्छ आवाज पत्र्यासारखा लागतो आणि डिस्टॉर्शन तर मधमाशा घोंघावल्यासारखं.

हेडफोनवर वाजवायचं तर मध्ये असं काहीतरी हवं जे ॲम्प आणि स्पीकर दोन्हीची नक्कल करेल. एक, व्हॉक्सच्या ॲमप्लगसारखा काडेपेटीएवढा हेडफोन ॲम्प, गिटारच्या जॅकमध्येच खोचायचा. दोन, संगणक असेल तर ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारं उपकरण) आणि सॉफ्टवेअर. न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आहे आणि उत्तम आहे. तीन, मल्टी-इफेक्ट प्रोसेसर.

हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, तार छेडली आणि आवाज मागाहून आला तर लयच सापडत नाही.

पंचवटीचा_क्लास:

यातला तिसरा पर्याय तुमच्यासाठी, असं मी ठामपणे म्हणेन. झूम जी१ फोरसारखा छोटा प्रोसेसर. हेडफोनची जागा आहे, आत ड्रमचे ठेके आहेत, लूपर आहे. आपण चार कॉर्ड वाजवून ठेवायच्या आणि त्यावर लीडचा रियाज करायचा. रात्री बारानंतर एकट्याने ब्लूज शिकायला याहून चांगला सोबती नाही. पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी रियाज थांबत नाही.

उद्या गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची वेळ आली तर हाच प्रोसेसर थेट मिक्सरला जोडता येतो. दहा वॅटचा घरगुती ॲम्प तिथे ढोलापुढे ऐकूच येणार नाही.

मखमलाबाद_रोड:

धाग्यात मध्येच विचारते, क्षमस्व. माझी मुलगी पाचवीत आहे, तिला इलेक्ट्रिकच हवी आहे. आधी ॲकूस्टिक शिकायलाच हवी असं सगळे सांगतात. खरं आहे का?

गोदाकाठ:

ताई, अजिबात नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक, ॲक्शन खाली, बॉडी पातळ. लहान बोटांना उलट तीच सोपी. तिला ज्या आवाजाची ओढ आहे तोच द्या, रियाजाला बसा असं सांगावं लागणार नाही.

मापाकडे लक्ष द्या. स्क्वायर मिनी स्ट्रॅटची स्केल २२.७५ इंच, आयबानेझ मायक्रोची २२.२. थोडी मोठी चालणार असेल तर २४ इंची मस्टँग, ती पुढेही पुष्कळ वर्षं पुरेल. बसवून, हात पहिल्या फ्रेटपर्यंत खांदा न ताणता पोचतो का बघा. तारा ९ गेजच्याच, म्हणजे बारीक, लावून घ्या.

तारसप्तक:

सेकंडहँडचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. नाशिकमध्ये इंजिनिअरिंगची मुलं शेवटचं वर्ष संपलं की गिटारी विकतात, जून-जुलैमध्ये नजर ठेवा. नव्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत चांगली ११२ हाती लागू शकते.

पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारेखाली खड्डे पडलेत का बघा. बोटाच्या नखाला लागतील इतके खोल असतील तर फ्रेट घासायचा किंवा बदलायचा खर्च धरा. सगळ्या कळा फिरवून बघा. खर्रर आवाज आला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर डाग देऊन दुरुस्त होतो. हे दोष किरकोळ. हेडस्टॉकच्या मागे, नेक जिथे बारीक होतो तिथे रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर मात्र पैसे परत खिशात ठेवा. हेडस्टॉकवर मोठं नाव आणि किंमत फारच कमी असेल तर तो नकली माल असतो, सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा. आणि भेट अशा ठिकाणी ठरवा जिथे प्लग आहे. न वाजवता इलेक्ट्रिक गिटार घेणं म्हणजे घेणंच नव्हे.

ओझरवाला:

मुंबईचं विचारलं होतंत. एक दिवस काढून जाच. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघालात तर दुकानं उघडायच्या सुमाराला सीएसएमटी, तिथून धोबी तलाव चालत. जेर महालमधलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान तुम्हाला माहीत असेलच. चार मॉडेलं एकाच ॲम्पवर एकापाठोपाठ वाजवायला मिळतात, नाशिकमध्ये अडतं ते तिथेच. संध्याकाळच्या पंचवटीने परत. मधल्या वारी जा, शनिवारी गर्दीत कुणी निवांत वाजवू देत नाही.

आपली केबल, आपलं पिक, क्लिप ट्यूनर बरोबर ठेवा. ॲम्पवर रिव्हर्ब (आवाज घुमवणारी कळ) शून्यावर, गेन (आवाज फाटवणारी कळ) अगदी कमी, टोनच्या कळा मधोमध. दुकानात भरपूर रिव्हर्ब लावून दिला की कुठलीही गिटार गोड लागते. स्वच्छ आवाजावर जी आवडेल तीच घरी आवडेल. त्याच मॉडेलचे दोन पीस मागा. आतून नवा खोका काढून देतो म्हणाले तर तोही उघडून वाजवून बघा, टांगलेला पीस आवडला असेल तर तोच घ्या, त्यावर बोटांचे ठसे असले तरी.

ऑनलाइन घेऊच नये असं नाही, पण परत घेण्याची अट आधी वाचा आणि आल्या दिवशीच वर लिहिलेल्या सगळ्या तपासण्या करा.

सातपूरकर:

मंडळी, गिटार घरी आली!

पॅसिफिका घ्यायची असं जवळजवळ ठरवून गेलो होतो. पण दुकानात असलेल्या तिच्या पीसवर बेंड पंधराव्या फ्रेटवर तुटत होता. शेजारच्या कॉर्टवर एकही सूर मेला नाही, ॲक्शन मोजली तर जाड तारेखाली दोन मिलिमीटरला किंचित जास्त. एचएसएस, साधा ट्रेमोलो. पट्टी काढून मोजायला लागलो तेव्हा काउंटरवरचा माणूस खूश झाला, आतून हेक्स की आणून रॉड स्वतः फिरवून दाखवला. प्रोसेसरही तिथूनच घेतला. केबल आणि बॅग धरून बजेटच्या आत बसलं, सेटअपला पैसे उरले.

आता एक शंका. हेडफोनवर सेलवर वाजवतो तेव्हा आवाज स्वच्छ आहे. ॲडॉप्टर लावून, प्रोसेसर भावाच्या जुन्या ॲम्पला जोडला की हम्म येते. तारांना हात लावला की कमी होते, सोडला की वाढते. आणि काल ॲम्पच्या धातूच्या पॅनेलला आणि तारांना एकदम हात लागला तर मुंग्या आल्यासारखं झालं. गिटारचा दोष आहे का?

कॉलेजरोडवरची:

अभिनंदन! पण आधी तो ॲम्प प्लगमधून काढा, बाकीचं नंतर वाचा.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं अगदी सामान्य आहे. आपलं शरीर अँटेनासारखी गुणगुण गोळा करून पिकअपपर्यंत नेतं. तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे हात लावला की शरीरही अर्थ होतं. म्हणजे तुमच्या गिटारीतली ब्रिजची वायर शाबूत आहे.

मुंग्या मात्र सामान्य नाहीत. त्याचा अर्थ ॲम्पच्या धातूवर गळतीची वीज येते आहे आणि तिला जायला अर्थ मिळत नाही. ॲम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन जागेवर आहे का बघा. जुन्या ॲम्पची ती पिन कुणीतरी काढून दोन पिनांच्या सॉकेटला लावलेला असतो. पिन असेल तर सॉकेटमध्येच अर्थ नसण्याची शक्यता. जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण मागे तिसरी वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, फक्त टेस्टर लावून भागणार नाही. आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का तेही विचारा.

ओझरवाला:

ताईंनी लिहिलं ते आजच करा. तोवर सेलवर, हेडफोनवरच वाजवा, गिटारला काही धोका नाही.

अर्थिंग झाल्यावरही थोडी हम्म उरली तर निवडीचा स्विच ब्रिजच्या हंबकरवर टाकून बघा. तिथे गुणगुण गेली आणि पुढच्या पिकअपवर राहिली तर ती सिंगल कॉइलची स्वाभाविक आहे. ट्यूबलाइट बंद करून, जरा तिरकं वळून बसलात की कमी होते. हंबकरवरही तेवढीच राहिली तर केबल बदलून बघा. ॲक्शन आणखी खाली हवी असेल तर सेटअप आत्ता नको, नव्या हवेत नेक थोडा हलतो, त्याला दोन-तीन आठवडे घरच्या हवेत राहू द्या आणि मग कारागिराकडे न्या. त्या वेळी ९ गेजच्या तारा लावायच्या की १० च्या हे आधीच ठरवून जा, कारण गेज बदललं की ताण बदलतो आणि रॉड पुन्हा लावावा लागतो. तुमचा हात ॲकूस्टिकचा आहे, मी १० ने सुरुवात करेन.